दांड्यावरची रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

काल एवढा घसा कोरडा करून सांगितलं, आणि आज बघावं तर कोरं पान पुढे करून बसलीस! वही असून इतकी विसराळू? मला निदान वयाची सबब आहे. तुला कसली?

नात म्हणते, "आजी, कालचं मागच्या पानावर आहे." असेल. मला मागचं पान आणि पुढचं पान सारखंच. एक अक्षर येत नाही मला. मी बोलते, ती लिहिते. मध्येमध्ये हसते, ते मात्र लिहीत नाही. लबाड!

तर पुन्हा पहिल्यापासून. नीट ऐक.

आमचं गॅरेज आहे. आधी नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर नातीचं. तिचे आईबाप बंदराच्या गावी नोकरीला. ही दहा वर्षांची असताना सुट्टीला म्हणून आली, ती परत गेलीच नाही. न्यायला आलेल्या बापाला ही सापडेना. शेवटी एका ट्रकखाली पालथी पडून नट मोजताना दिसली. आता सव्वीसची आहे, आणि शोधायची झाली तर अजून तिथेच शोधावी लागते. मी डिझेलच्या पसरट डब्यात बेअरिंगं धुते. पन्नास वर्षं धुतेय. शेजारी लेथवाला. जाडा, भला आणि भयंकर सावकाश.

आणि आमची पिकअप. चौदा वर्षांची, डिझेलवर चालणारी. वरच्या वस्तीला पाण्याची टाकी नेते, आठवड्यातून दोनदा. दोन वर्षांपूर्वी दरड आली, वस्तीची पाइपलाइन गेली, बसचा रस्ताही गेला. राहिला तो जुन्या खाणीचा चढ. भरली टाकी घेऊन तो चढायला गाडीत जोर नव्हता. म्हणून पोरीने जोर घातला! मोठा टर्बो बसवला, कंप्युटरवाल्याकडून इंजिनाचं डोकं बदलून घेतलं. आता जोर इतका झालाय की गाडी स्वतःलाच मोडून खाते. आधी क्लचप्लेट जळली. ती दणकट टाकली, तर गिअरबॉक्सचा दात उडाला. तो बदलला, तर क्रॉस तुटला. क्रॉस म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टच्या सांध्यातला फुलीसारखा तुकडा. आता तोही जाडजूड टाकलाय. बघू पुढचा नंबर कुणाचा.

वर वस्तीत माझी धाकटी बहीण असते. दोन वर्षं गाठ नाही. तिचेही गुडघे गेले, माझेही. चारांत मिळून एक धड नाही. मला वर जायचंय. पोरगी म्हणते, "काही मोडत नाही याची खात्री झाली की नेते."

"खात्री कधी होणार?"

"रेघ सांगेल."

रेघेचं उद्या सांगते. लेखनिकबाईंचा हात दुखतोय म्हणे. सात किलोचा गिअरबॉक्सचा गिअर उचलताना दुखत नाही!

४ नोव्हेंबर, मंगळवार

रेघेचं राहिलं. दिवसभर पोरीचे फक्त पाय दिसले. मी चौदा बेअरिंगं धुतली आणि लेथवाल्याच्या दोन चुका काढल्या. दिवस बरा गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आता रेघ.

मागच्या दोन चाकांना दोन पोलादी दांडे फिरवतात. पोरगी त्यांना एक्सल म्हणते, मी दांडाच म्हणते. माझ्या हाताएवढे लांब, मनगटाएवढे जाड. चाकाजवळचे आठ बोल्ट काढले की दांडा ओढून बाहेर काढता येतो. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायची. दांडा आत घालायचा, ओझं घेऊन चढ चढायचा, आणि परत काढून बघायचा. ओझ्याने दांडा थोडा पिळतो. चादर पिळून सोडली की उलगडते, तसा तोही उलगडून परत सरळ होतो. तोवर ठीक. पण एकदा का हद्दीबाहेर पिळला, की तो उलगडत नाही. बाहेरून चकचकीत, नवा कोरा. रेघ मात्र वळलेली! मग तो कधी तुटेल त्याचा नेम नाही.

ही आमच्या गॅरेजची जुनी रीत. नवरा नुसती रेघ मारायचा, बघायचे मी. अक्षर नाही वाचता येत, पण रेघ वाचता येते. वरून बोट फिरवलं की कळतं.

आज पोरगी टाकी पोचवून आली. दोन्ही दांडे काढून फळीवर ठेवले आणि हात धुवायला गेली. उजवा सरळ. डावा... बोट फिरवलं, आणि दोन वीत गेल्यावर बोट रेघेवरून खाली उतरलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा उतरलं. तांदळाच्या दाण्याएवढाच फरक.

खरं सांगू? शेजारीच रंगाचा डबा होता. ब्रश होता. पोरीचं नळावर साबणाशी चाललं होतं. दाण्याएवढंच तर होतं! पुसायचं, नवी मारायची, आणि सोमवारी मी बहिणीच्या दारात!

(आता का गं थांबलीस? लिही. सगळं लिही.)

पण एकदा नवऱ्याने असंच केलं होतं. गिऱ्हाईक घाईत होतं, रेघ वाकडी होती, याने पुसून नवी काढली. वर मला म्हणाला, "तू बघितलंस ना, सरळ आहे." सहाव्या दिवशी दांडा तुटला आणि गिऱ्हाईक भर उन्हात नऊ मैल चालत आलं. बाकावर बसून पाणी प्यालं, आणि आमच्याकडे बघत राहिलं. ते बघणं मला अजून आठवतं.

पोरगी हात पुसत आली. मी म्हटलं, "डावा गेला."

तिने स्वतः बोट फिरवलं. "कुठे? सरळ तर आहे."

"परत फिरव. डोळे मीट आणि फिरव."

डोळे मिटून फिरवलं आणि तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"तेच तर दुखतंय," मी म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझी शिकवणी झाली.

मी विचारलं, जोर जोर म्हणतेस, तो मोजतात कशात? किलोत? ती म्हणाली, किलोत नाही, हा पिळाचा जोर, टॉर्क. "एक मीटर लांब पाना घे. त्याच्या टोकाला पंचेचाळीस किलोचा माणूस लोंबकळला की साडेचारशे. आपलं इंजिन एवढं देतं. कंपनीने दिलं होतं अडीचशे."

"पंचेचाळीस किलो म्हणजे अर्धा लेथवाला."

"हो. पण पहिल्या गिअरमध्ये तोच जोर चौपट होतो. मागे दोन दांड्यांच्या मधल्या गिअरच्या पेटीत, डिफरन्शिअलमध्ये, परत चौपट. म्हणजे चाकांपाशी पोचेपर्यंत सोळापट."

"म्हणजे आठ लेथवाले!"

पलीकडून लेथवाला ओरडला, "माझं काय चाललंय तिकडे?"

"तुला लोंबकळवतोय!" मी म्हटलं.

आठ लेथवाले दोन दांड्यांना पिळणार, तर बिचारा दांडा काय करील! पोरगी म्हणते, मोठ्या ट्रकचे जाड दांडे बसवते. मी विचारलं, मग पुढे काय मोडेल? म्हणाली, मग डिफरन्शिअल. ते दणकट केलं तर? मग परत गिअरबॉक्स.

"म्हणजे तू मोडणं थांबवत नाहीयेस, नुसती त्याची जागा बदलतेयस. मग जागा तरी सोयीची निवड ना! डिफरन्शिअल फुटलं तर चढावर काय करशील? क्रॉस तुटला तर अर्ध्या तासात चार बोल्ट काढून दुसरा बसवता येतो. जाडजूड क्रॉस काढ आणि कंपनीचा साधा टाक परत. काही तुटायचंच असेल तर त्याने तुटावं. हाताशी तरी आहे."

"एवढी खटपट करून परत साधाच टाकू?"

"हो."

फुगून बसलीय. लिहितेय मात्र सगळं. अक्षर रागात आहे म्हणते. मला कुठे कळतंय!

९ नोव्हेंबर, रविवार

वहीबाई, हे तुझं पान नाही. लेथवाल्याच्या कामाच्या कागदाची कोरी पाठ आहे. पोरगी टाकी भरायला गेलीय, म्हणून तो लिहितोय. हा कागद आत्ता माझ्या ट्रंकेत जाईल, पुढे कधीतरी टाचणीने तुला लावीन.

आज क्रॉसच्या सुट्या भागांचा डबा काढला. पोरीने कालच रागारागात कंपनीचा साधा क्रॉस शोधून ठेवलाय. म्हणजे पटलंय तिला! डब्यात तळाला एक जुनं बेअरिंग होतं, कागदात गुंडाळलेलं. पन्नास वर्षं मी बेअरिंगं उलगडतेय. त्यांना वर्तमानपत्र असतं, नाहीतर तेलकट खाकी कागद. वर्तमानपत्राची शाई बोटांना लागते. याची लागेना. कागद पांढरा, जाड, तीन घड्या घातलेला, आणि एका कोपऱ्यात बोटाला लागणारा उठावाचा शिक्का. असला कागद कुणी बेअरिंगला गुंडाळत नाही. असला कागद लपवतात.

आणि लपवला कुठे, तर माझ्या हातांखाली! तिला वाटलं, आजीला काय, कागद म्हणजे कागद.

लेथवाल्याला म्हटलं, वाच. त्याने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "काकू, हे तिच्या नोकरीचं आहे."

लांबच्या शहरात मोठी कंपनी. त्यांची तपासणीची शाळा आहे म्हणे; शाळा नाही, प्रयोगशाळा. तिथे गिअरबॉक्स आणि दांडे यंत्रात घालून पिळायचे, तुटेपर्यंत पिळायचे, आणि कुठल्या आकड्याला तुटला ते लिहून ठेवायचं. दिवसभर हेच! जगात एवढी सुंदर नोकरी असते आणि ती आमच्या पोरीला मिळालीय! डिसेंबरच्या पंधरा तारखेला हजर व्हायचं. येणार की नाही ते सही करून अठ्ठावीस नोव्हेंबरपर्यंत कळवायचं. सहीची जागा कोरी आहे.

लेथवाला म्हणाला, "बोलली का नाही ती?"

"माझ्यामुळे. आणखी कशामुळे?"

"मग तुम्हीच सांगा ना, जा म्हणून."

"सांगितलं तर म्हणेल, 'तुझं काय?' मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्याचा जिना. इथे एकटीला ठेवणार नाही ती. आणि कागद मग अशा ठिकाणी लपवील की मला सापडायचा नाही."

हा लिहितानासुद्धा सावकाशच लिहितो!

मग मी विचारलं, "पोरगी नसली तर टाकी वर तू नेशील?"

"मी? काकू, तिच्या गाडीला नुसता पाय लावला तरी ती उडी मारते. पहिल्याच वळणाला काहीतरी मोडेन मी."

झालं तर. म्हणजे गाडी अशी व्हायला हवी की लेथवाल्यालासुद्धा मोडता येणार नाही. आणि अठ्ठावीसच्या आत.

बेअरिंग त्याच कागदात, त्याच घड्यांवर परत ठेवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज काही खास नाही. काल काय केलंस, विचारते ही. बेअरिंगं धुतली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कंप्युटरवाला आला होता. मांडीवर यंत्र, तोंडात बडीशेप, बोलणं कमी. मला आवडतो.

मी विचारलं, "बाबा, एखाद्याच गिअरला जोर कमी करता येतो का?"

"येतो की, आजी. पहिल्या दोन गिअरना हद्द घालायची, पुढच्यांना पूर्ण सोडायचं. पाय कितीही दाबला तरी हद्दीच्या वर जात नाही."

पोरगी गाडीखालून सरपटत बाहेर आली. "मला नकोय हद्द! मला क्लच कळतो. मी हळू सोडते."

"तुला कळतो गं. तुझ्या पायाला डोळे आहेत. पण उद्या दुसरं कोणी बसलं तर?"

"दुसरं कोण बसणार?"

मी डब्यात हात घालून बेअरिंग शोधत राहिले. डबा रिकामा होता.

"आजी, दुसरं कोण बसणार?"

"तुला ताप आला तर? हात मोडला तर? वस्तीने काय तुझा ताप उतरेपर्यंत तहानेलं राहायचं? अकरा घरं आहेत, शाळा आहे."

ही चलाखी झाली माझी. वस्तीचं नाव काढलं की ती विरघळते. नखाखालचं काळं काढत बसली. मग कंप्युटरवाल्याला म्हणाली, "किती ठेवायचा?" दोघांनी आकडेमोड केली. तीनशे वीस ठरला. रिकाम्या गाडीने समोरच्या चढावर जाऊन आली. मला वाटलं, तोंड वाकडं करील.

"कशी आहे?"

"शहाण्यासारखी चालते," म्हणाली. जणू कुणाची तक्रार करतेय!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या बाजूला नवा दांडा आला, साधा क्रॉसही बसला; तोवर अर्ध्याच टाकीने भागवलं. दोन्हींवर रेघा मी मारल्या. हात थरथरतो, म्हणून फळीला खाच पाडून ब्रश त्यातून ओढला. वाळायला दोन दिवस. करार ठरलाय: भरल्या टाकीच्या दोन खेपा, दोन्ही वेळा रेघ सरळ, की तिसऱ्या खेपेला मी.

लेथवाल्याने लांब शाफ्टखाली एक लोखंडी कडं बसवलंय. क्रॉस तुटलाच तर शाफ्ट जमिनीवर आपटू नये, कड्यात लोंबत राहावा. एका दिवसाचं काम सात दिवसांत केलं!

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरळ! दोन्ही!

पोरीने डोळे मिटून बोट फिरवलं आणि माझ्या गालाला ग्रीस लावलं. मी पण लावलं. मग दोघी घासत बसलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी खेप. सकाळी मी म्हटलं, वजन कमी पडतंय. ती म्हणाली, टाकी भरलेली आहे, कमी कसं?

"टाकी आहे गं. पण पुढच्या खेपेला मी असेन, माझं वजन नको का धरायला? वाळूची पोती टाक दोन. आणि माझी ती लोखंडी ट्रंक टाक."

"ट्रंक कशाला?"

"जड आहे."

"काय भरलंयस एवढं?"

"पन्नास वर्षं."

हसली. ट्रंक चढवली, वर दोर आवळला. वर वजन उतरवूनच खाली यायचं असा तिचा नियम. उतारावर ब्रेकवर ताण नको. पोती आणि ट्रंक धाकटीच्या पडवीत ठेवून आली.

संध्याकाळी दांडे काढले. सरळ. मी तीनदा बोट फिरवलं, कारण या वेळी मला ती सरळच हवी होती, आणि हवं असलं की बोटसुद्धा खोटं बोलतं. तिसऱ्यांदा पोरीचं बोट धरून फिरवलं. सरळ!

सोमवारी मी वर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुटे भाग बांधले. पाने, लाकडी ठोकळे, आणि डब्यात आणखी एक साधा क्रॉस. क्रॉस मीच कागदात गुंडाळला. पोरगी म्हणाली, "मी गुंडाळते ना." म्हटलं, तू लिही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज धाकटी लिहितेय. तिचं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणतात. आम्हा दोघींत शाळेत एकीनेच जायचं होतं आणि एकीने घर सांभाळायचं. मी तिला ढकलून दिलं, कारण मला शाळेच्या बाईंची भीती वाटायची. ही आजवर समजते की मी त्याग केला! आज पहिल्यांदा सांगितलं. रडली, मग हसली, मग म्हणाली, "ताई, साठ वर्षं मला उपकाराखाली ठेवलंस!" हेही लिही गं.

आता चढाचं.

पोरगी अंड्यांची गाडी असल्यासारखी चालवत होती. मी पुढे, पाय ठोकळ्यांवर. चार वळणं झाली. पाचव्यावर पाण्याने खणलेला खोल चर आहे. उजवं चाक त्यात गेलं, जागच्या जागी फिरलं, मग एकदम दगड पकडला. आणि टण्ण!

इंजिन ओरडतंय, गाडी मात्र पुढे जात नाही. उलट इंचभर मागे!

"आजी, हँडब्रेक! दोन्ही हातांनी ओढून धर!"

धरला. आयुष्यात इतकं काही घट्ट धरलं नव्हतं. ती उडी मारून उतरली, मागच्या चाकांखाली ठोकळे सारले, पायाने ठोकले. मग खाली वाकून बघितलं. मी वरून ओरडतेय, "दांडा? दांडा गेला का?"

"दांडा नाही. क्रॉस! शाफ्ट कड्यात लोंबतोय!"

मी मोठ्याने हसले. आता सांग, काही मोडलं म्हणून माणूस हसतं का? पण ज्याला तुटायला सांगितलं होतं तोच तुटला! एवढं माझं ऐकणारं घरात दुसरं कोणी नाही.

मी उतरून दगडावर बसले. तिने तेरा नंबर मागितला. ज्या पान्यात माझी करंगळी अडकते तो तेरा. दिला. तुटका क्रॉस बाहेर आला. मग तिने हात लांब केला, "डबा."

डबा दिला.

झाकण उघडलं. क्रॉस उचलला. पांढरा, जाड, तीन घड्यांचा कागद.

ती गाडीखाली आडवी होती, मला फक्त हात दिसत होता. हात तसाच राहिला. खालून आवाज आला, "कुणी वाचून दाखवलं?"

"सावकाश वाचणाऱ्याने."

"कधी?"

"त्याला बरेच दिवस झाले."

मग पान्याचा आवाज सुरू झाला. काम मात्र चोख केलं. अर्ध्या तासात क्रॉस बसला. बाहेर आली तेव्हा कागद नव्हता. खिशात घातला असणार. चेहऱ्यावर ग्रीसमधून दोन धुतलेल्या वाटा.

"मी जाणार नाहीये," म्हणाली. "तू एकटी कशी राहशील? आणि यावर आता बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"एक शब्द नाही."

"नाही गं बाई."

वर आलो. मला दारात उतरवलं, धाकटीच्या गळ्यात पडली, टाकी रिकामी केली. तिथेच अंगणात दांडे काढून मला दाखवले. आठ बोल्ट इकडचे, आठ तिकडचे, सांगितल्याशिवाय. दोन्ही सरळ. माझं बोट धरून रेघेवरून नेलं.

ऊन असतानाच उतरली. "गुरुवारी येते न्यायला. चार दिवस मजा कर."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गुरुवारी ती येईल तेव्हा ही वही तिच्या हातात देईन, हेच पान उघडून. लेथवाल्याचा कागदही टाचलाय.

पोरी, मी खाली येत नाहीये. ट्रंक आधीच इथे आहे, तूच वजन म्हणून चढवलीस. पडवीत नव्हे, धाकटीच्या खोलीत, माझ्या खाटेखाली. लेथवाला तीनदा रिकाम्या गाडीने चढ चढून गेलाय, तू बाजारात असताना. एकदाही काही मोडलं नाही. आता टाकी तो आणील. अठ्ठावीसला अजून एक दिवस आहे आणि पेन या वहीतच आहे. सही तुझी, मी काही बोलणार नाही, वचन दिलंय. तिथे दांडे तोडलेस की कुठल्या आकड्याला तुटले ते कळव, धाकटी वाचून दाखवील.

आणि निघण्याआधी लेथवाल्याला बजावून जा: दर टाकीबरोबर उकडलेली सहा अंडी आणि केळ्यांचा एक फणा. केळी हिरवीच पाठव म्हणावं. तो सावकाश चालवतो, पोचेपर्यंत पिकतील.